आठ यो-योंना मी मारलेल्या गाठी

मंगळवार, दुपार

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकून नव्हे. कमरेने परवापासून सहकार्य थांबवलं आहे, तरी जेवढा झाला तेवढा पोचता करून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचं कानातलं यंत्र सापडलं का? की ते हरवलंय हे त्यांना अजून ऐकूच गेलेलं नाही? माझं मागचं पत्र तू लाल शाईने तपासून परत पाठवलंस, ते मिळालं. दहापैकी साडेपाच गुण माझ्या वयाला पुरेसे आहेत. या पत्रात मात्र ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नकोस, मजकुराकडे बघ, आणि मजकूर वाचताना चष्मा काढून ठेवलास तरी माझी हरकत नाही.

आम्ही सगळे इकडे सुखरूप आहोत. सगळे म्हणजे ही आणि मी. नोकरीही अजून आहे, असं आज दुपारी तीनपर्यंत तरी म्हणता येईल. ती तुझ्याच शब्दावर मिळाली, म्हणून तिचं काय चाललंय हे तुला कळवणं माझं कर्तव्य आहे. चौतीस वर्षं मी पार्सल ऑफिसात बांधणीच्या टेबलावर काढली आणि त्या चौतीस वर्षांत माझ्या हातची एकही गाठ वाटेत सुटली नाही. पार्सलं भिजली, चुकली, उंदरांनी खाल्ली. एकदा तर खोकं फाटून आतला माल वाटेत सांडला, पण मोकळी दोरी गाठीसकट मुक्कामाला पोचली आणि तिकडच्या साहेबांनी ती सही करून ताब्यात घेतली. असा माणूस निवृत्त झाला की घरात जे सैल दिसेल ते बांधत सुटतो, यात त्याचा दोष नाही. पण तिसऱ्या दिवशी चहाला साखर काढायला हिला कात्री शोधावी लागली आणि तिने तुला फोन केला. तू तुझ्या जुन्या विद्यार्थिनीला, म्हणजे आमच्या संग्रहालयाच्या बाईंना, चिठ्ठी दिलीस की ‘माझा भाऊ कोणतीही गोष्ट सैल सोडत नाही’. ती चिठ्ठी बाईंनी फाइलला लावली आहे. मला पक्कं करायचं की नाही ते ठरवायला परवा त्यांनी ती पुन्हा काढून वाचली, म्हणून आठवण देतो.

संग्रहालय म्हणजे शिलाई यंत्रांच्या दुरुस्तीच्या दुकानावरच्या तीन खोल्या. सगळी जुनी खेळणी. काम धूळ पुसण्याचं, लेबलं सरळ करण्याचं आणि लोकांनी काचेवर नाक टेकलं की नंतर ती काच पुसण्याचं. तीन महिने चाचणीवर. त्यातले अडीच सुरळीत गेले आणि मग यो-यो आले.

तू म्हणशील, यो-योचं काय एवढं? मीही तेच म्हणालो होतो. दोन चकत्या, मध्ये आस आणि एक दोरी, यात प्रदर्शन भरवण्यासारखं आहे काय? पण आपल्या गावात एक दंतवैद्य आहेत, वय वर्षं एक्याऐंशी, तरुणपणी यो-यो खेळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता म्हणतात. त्यांनी दात काढता काढता जन्मभर यो-यो जमवले. त्यातले अकरा निवडून बाईंनी ‘जग गाजवणारे अकरा यो-यो’ असं नाव दिलं आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याचं कर्तृत्व लिहिलं. वाचून मी थक्क झालो. पहिला मातीचा, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्याची नक्कल. दुसरा हस्तिदंती, दूरदेशीचे सरदार लोक म्हणे राज्यक्रांतीत मुंडकी उडण्याच्या धामधुमीतही असला खेळत बसायचे. (आपण कचेरीत नुसतं शब्दकोडं सोडवलं तरी मेमो मिळायचा.) एक असा आहे की त्याच्या दोन्ही चकत्या कोणी तरी उलट्या बसवल्या, आतली बाजू बाहेर. आमच्याकडे असं पार्सल उलटं बांधलं असतं तर पगारवाढ थांबली असती. इथे मात्र तो फुलपाखरासारखा दिसतो म्हणून नावाजला गेला, आणि दोरी पकडायला तोच सोपा निघाला. एकाच्या पोटात स्प्रिंगा आहेत, वेग मंदावला की तो आपण होऊन हातात परत येतो. एक अंतराळात जाऊन आलेल्याचा जुळा भाऊ आहे. आणि सर्वांत मानाचा म्हणजे एकाच लाकडातून कोरलेला, तांबूस, खिशात राहून राहून गुळगुळीत झालेला. त्याच्याशी हे दंतवैद्य डॉक्टर स्वतः शाळेत असल्यापासून खेळतात.

उद्घाटन गेल्या शनिवारी होतं. शुक्रवारी बाई म्हणाल्या, सगळं एकदा बघून घ्या, काही सैल राहिलेलं नको. आता ताई, हे वाक्य त्या दुसऱ्या कोणालाही म्हणाल्या असत्या तर चाललं असतं. मी काचेतले यो-यो एकेक करून हातात घेतले. पहिले तीन चोख होते. चौथ्याची दोरी बघतो तर काय, आसाला बांधलेलीच नव्हती. आसाभोवती दोरीचा नुसता एक सैल फेर, बोटाने फिरवला की गोल गोल फिरतो. मला वाटलं, जुना माल आहे, सुटली असेल. पाचव्याचं तेच. सहाव्याचं तेच. आठच्या आठ यो-यो, जग गाजवलेले, आणि एकालाही गाठ नाही. खोटं कशाला सांगू, मला कारागिरांची कीव आली. मग मी बाही सारून बसलो आणि आपली पक्की गाठ मारली. दोन वेढे, उलटा फास आणि वर एक ओढ. बारीक, डोळ्याला न दिसणारी. चार वाजेपर्यंत आठही झाले. त्या दिवशी घरी जाताना मी शीळ घालत होतो, हिला विचार.

शनिवारी साठेक माणसं होती. डॉक्टर कोट घालून आले, हातात तो लाकडी यो-यो घेतला आणि आधी थोडं बोलले. मी दाराशी उभा राहून कौतुकाने ऐकत होतो. ते म्हणाले, हजारो वर्षं यो-योची दोरी आसाला बांधलेली असायची. तो खाली जायचा आणि लगेच वर यायचा, खेळ संपला. मग कोणी तरी दोरी बांधायचीच नाही असं ठरवलं, नुसता फेर घातला. तेव्हापासून यो-यो खाली जाऊन जागच्या जागी फिरत राहायला लागला. खेळाडू त्याला झोपणं म्हणतात. (आमच्या ऑफिसात फिरता फिरता झोपणारा एक होता, त्याला बढती मिळाली.) सगळ्या करामती त्या झोपेत करायच्या आणि मग मनगटाचा हलकासा झटका दिला की तो जागा होऊन हातात येतो. यो-योच्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध कोणता, असं डॉक्टरांनी लोकांना विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, ‘गाठ नसणं’.

दारापासून त्यांच्या टेबलापर्यंत नऊ पावलं आहेत. मी नंतर मोजली. तेवढं चालून जाऊन कानात सांगायला वेळ होता. मी गेलो नाही.

डॉक्टरांनी झोकात यो-यो सोडला आणि आता तो खाली निवांत झोपणार म्हणून लोकांकडे बघून हसले. तो झोपला नाही. गेला तसा उलट आला आणि त्यांच्या पुढच्या दातांवर बसला. (डॉक्टरांचे स्वतःचे असे ते शेवटचे दोन आहेत. शाबूत आहेत, ही त्यातल्या त्यात बरी बातमी.) त्यांनी दुसरा घेतला, मग तिसरा. दुसरा कपाळाला लागला, तिसरा हनुवटीला. लोक आधी हसले आणि मग गप्प झाले. डॉक्टर खुर्चीवर बसले, उजव्या हाताकडे बघत राहिले आणि बाईंना हळूच म्हणाले, ‘तीन वेगवेगळ्या दातांत एकदम कळ आली तर दोष दातांत नसतो, बाई. माझा हात गेला.’ येत्या रविवारी समारोपाला ते पुन्हा खेळायचे होते, तसे कागद गावभर लागले आहेत. आता येणार नाही म्हणाले. त्यांचा हात गेला नाही हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि मी काच पुसत होतो. मला लाज वाटली. अजून वाटते आहे. अंतराळातल्या यो-योच्या लेबलावर लिहिलंय की तिथे वजन नसल्यामुळे तोही झोपत नव्हता, तसाच परत यायचा. तिथे कोणी गाठ मारली होती? असं मी स्वतःला दोनदा विचारून पाहिलं, पण उपयोग झाला नाही.

बाकी सर्व ठीक. भावोजींना नमस्कार, मोठ्याने.

तुझा,
धाकटा

ता. क. : तू शनिवारच्या आत इकडे ये, आणि येताना तुझी क्रोशाची सगळ्यांत बारीक सुई आण. या दोऱ्या त्या काळच्या आहेत, कापून चालणार नाही, बाईंच्या हिशेबी दोरीसुद्धा वस्तूच. माझी गाठ मला स्वतःला सुटत नाही. आजवर ती सोडवणारी तू एकटीच, लहानपणी मी तुझी वेणी खुर्चीच्या पाठीला बांधली होती तेव्हा आईला न कळता तू ती सोडवलीस. आठ गाठी गुपचूप सोडवू, मग मी डॉक्टरांना म्हणेन, सहज एकदा हात चालवून बघा. कोणाला काही कळायचं कारण नाही. हिला तू गुडघा दाखवायला आलीस असं सांगू.

दुसरा ता. क., गुरुवार : हे पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं, वरची सुई रद्द. काल डॉक्टर संग्रहालयात आले. काचेपाशी बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, तुमच्या घरी नातवंडं आहेत का, यातला एखादा यो-यो त्यांना घेऊन जा, मला आता काय उपयोग. मी सरळ बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. बाईंनी तुझी चिठ्ठी काढून वाचली, कपाळाला हात लावला, चाचणी तीन महिन्यांनी वाढवली आणि यापुढे संग्रहालयातल्या कोणत्याही दोरीला हात लावणार नाही असं माझ्याकडून लिहून घेतलं. मग आठही यो-यो एका पेटीत घालून मला डॉक्टरांच्या घरी पाठवलं. म्हणाल्या, हे तुम्हीच सांगायचं.

मी सांगितलं. डॉक्टरांनी दोनदा सांगायला लावलं आणि मग ते एवढे हसले की सूनबाई आतून बघायला आल्या. हात शाबूत आहे म्हणाले. दातांतलं टोकरायची बारीक आकडी आणली, भिंगाचा दिवा लावला आणि दोन तासांत एकही पीळ न तुटता माझ्या आठ गाठी सोडवल्या. तुझ्यानंतर हा दुसरा माणूस. शेवटी लाकडी यो-यो घेऊन अंगणात आले आणि सोडला. ताई, तो खाली जाऊन इतका छान झोपला! मग त्यांनी झटका दिला. तो उठला नाही. पुन्हा दिला. फिरत फिरत तो थांबला आणि दोरीच्या टोकाला लटकत राहिला. असं चार वेळा झालं. मी म्हटलं, डॉक्टर, तो स्प्रिंगवाला घ्या, तो आपोआप येतो. ते म्हणाले, जन्मभर लोकांना कवळ्या बसवल्या, खेळताना नको. थोड्या वेळाने लाकडी यो-यो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘हजारो वर्षं लोक बांधलेलाच खेळत होते, त्यांचं काही अडलं नाही. या दोरीला गाठ मारा. तुमची ती पक्की नको, मला सुटेल अशी मारा.’

कागदावरची माझी सही अजून वाळली नव्हती, तरी मारली. सुटणारी गाठ मारायला मला पक्कीपेक्षा जास्त वेळ लागला.

तिसरा ता. क., आणि खरं काम एवढंच : रविवारी पाच वाजता डॉक्टर खेळणार आहेत, तू सकाळच्या गाडीने ये. बाईंच्या लक्षात येईल की दोरी कोणी तरी बांधली आहे. त्यांनी विचारलं तर तू बांधलीस म्हणून सांग, तुझ्यावर त्या आवाज चढवणार नाहीत. आणि यो-यो डॉक्टरांच्या हातात परत आला की टाळ्या वाजव. एकदाच आला तरी वाजव.