चिंचोक्यांचा कौल

८ सप्टेंबर, सोमवार

असं कधी झालं नव्हतं!

पापनाशमच्या पलीकडच्या गावात आज धोक्यांची पाहणी होती. ऐप्पसीचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला पाऊस लागायच्या आत दर गावाची करायची — पूर, वादळ, साप, डेंगी, आग, कशाची भीती किती. आणि वेळ आलीच तर माणसं हलवायची कुठे. बायका तोंडानं बोलत नाहीत. म्हणून मी चित्रं मांडते आणि प्रत्येकीला दहा चिंचोके देते. जिथं भीती जास्त, तिथं जास्त ठेवा. सव्वीस वर्षं नर्स आहे, ही युक्ती कधी फसली नाही.

वीस बायका, दोनशे चिंचोके. पुरावर एकतीस. सापावर चोवीस. आणि कल्याणमंडपावर एकशे बारा! म्हणजे मंगल कार्यालयावर! ते चित्र धोक्याचं नव्हतंच मुळी. आसऱ्याची जागा म्हणून मी ते हिरव्या चौकटीत, बाजूला ठेवलेलं. पूर आला तर गावातली चारशे माणसं तिथंच न्यायची असं ठरलंय.

म्हटलं, "अगं, चुकलं तुमचं. ही तर सुरक्षित जागा." एकीनंही मान वर केली नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "चुकलं नाही."

मंडप माझ्या दादाचा. गावात सगळ्यांना ठाऊक आहे ते.

९ सप्टेंबर

आमच्या आरोग्य केंद्राचे मणी डॉक्टर हसले. "खेळ वाटला असेल बायकांना. आसऱ्याला मंडपच लिहा, धनलक्ष्मी. शुक्रवारी यादी वर जायचीय."

लिहायला बसले. मंडपाची ओळ कोरीच ठेवली.

१० सप्टेंबर, बुधवार

आज एकटीच गेले मंडपात. दादाला न सांगता. पुढून सगळं चकाचक — नव्या फरशा, दारात केळीचे खांब, उद्याच्या लग्नाची तयारी. मग मागच्या बाजूला गेले.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला बाहेरून कुलूप! आत आचारी, आत भांडी घासणाऱ्या बायका, आत गॅसचे सिलिंडर — आणि कुलूप बाहेरून! वॉचमनला विचारलं. "लग्न असलं की लावतोच, अम्मा. मुदलाळींचा हुकूम." मुदलाळी म्हणजे मालक, आमचा तुकोजीदादा.

तिथूनच फोन केला. दादा म्हणतो, "अगं धना, ते दार उघडं ठेवलं तर अर्धा गाव मागून पंगतीला येऊन बसतो! लग्नाचं तुला काय कळतं?" म्हटलं, आग लागली तर? "पुढचं दार आहे की!" पण स्वयंपाकघराच्या त्या पुढच्या दाराला लागूनच तर तळणाची चूल आहे! तो म्हणे, तीस वर्षांत काही झालं नाही, आताच तुला बरी आठवण झाली.

बाबा गेल्यावर मला ज्यानं शिकवलं, तो हा दादा. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगू? बरं आहे, मराठीत लिहिते. इथं सगळे तमिळच वाचतात; बाबांनी शिकवलेली ही अक्षरं घरात आणखी कुणाला वाचता येत नाहीत.

११ सप्टेंबर

म्हातारीला गाठलं. तिनं एक घर दाखवलं. अखिलाचं.

अखिला! वर्षभर दर महिन्याला माझ्याकडून दम्याचं औषध नेते ती! बत्तीस वर्षांची, दहा पावलं चालली की बसते. माझ्याच वहीत माझ्याच हातानं लिहिलंय, दमा. कशानं झाला, हे मी एकदाही विचारलं नाही. कप्पाळ माझं!

मंडपात भांडी घासायची ती. मागच्या वर्षी आवणी महिन्यात, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, कढईतल्या तेलानं पेट घेतला. पुढचं दार ज्वाळांच्या पलीकडे, मागच्याला कुलूप. "सहा जणी होतो, अक्का. दार हातांनी बडवलं. मग पातेल्यांनी बडवलं. कुणी आलं नाही." शेवटी आचाऱ्यानं ओली पोती टाकून आग विझवली. तोवर धूर आत गेला तो गेला.

म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? वर्ष झालं!

ती खाली बघायला लागली. "मुदलाळी म्हणाले, शुभकार्य आहे, अपशकुन बोलू नका. आणि तुम्हाला कसं सांगू, अक्का? नंदिताचंच लग्न होतं ते."

माझ्या नंदिताचं! माझ्या पोरीचं लग्न!

मला तेव्हा एवढंच कळलं होतं की थोडं तेल सांडलं. पंगतीत पापड आले नाहीत म्हणून विहीणबाईंनी नाक मुरडलं होतं आणि मी दादावर उखडले होते. पापडांवरून!



१२ सप्टेंबर, शुक्रवार

यादीतून मंडप काढला. शाळेचा वरचा मजला लिहिला. शेऱ्यात कुलूप लिहिलं, आग लिहिली, तारीखसुद्धा लिहिली. मणी डॉक्टरांनी वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

संध्याकाळी दादा घरी आला. चप्पल न काढताच ओरडायला लागला. सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलास, तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस! मीही ऐकून घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं. "सहा बायका दार बडवत होत्या! बहिरा झाला होतास का रे?"

तो हळूच म्हणाला, "मी रस्त्यावर होतो, धना. पाहुण्यांच्या गाड्या लावून घेत होतो. आत तू होतीस."

गेला. मी दारातच उभी.

१३ सप्टेंबर

ऐकू आलं होतं मला. मंगळसूत्र बांधायच्या घडीला, मागून, धाडधाड. शुभघडीला असले आवाज कानावर पडू नयेत, म्हणून तविलचा ढोल वाजवणाऱ्याला मीच बोट वर करून खूण केली — जोरात वाजव, आणखी जोरात! मागचा आवाज थांबेपर्यंत मी बोट खाली घेतलं नाही.