मोटारीची आंघोळ

कारंजा,
ता. १४ ऑक्टोबर १९४६

चि. जगदेव यास उकंडरावाचे आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे. तुझी तब्येत बरी असेलच, गिरणीतल्या लोकांना दुसरं काम काय!

तुझी विजेची मोटार बिघडली. गिरणीच्या भंगारातून तू जे लोखंड उचललंस ते परत पाठवावं असा माझा विचार आहे. बटण दाबलं की फ्यूज उडतो आणि घरातले दोन्ही दिवे जातात. पलंगाचे आठ पाय खरादावर अर्धवट कातून पडलेत, दिवाळीआधी द्यायचे आहेत. नागपूरला राहून माणूस शहाणा होतो असं ऐकलं होतं. तुझ्यावर अजून परिणाम दिसत नाही.

पोळ्याला आलास तेव्हा काय बोललास ते मी विसरलेलो नाही. "दादा, बारा वर्सं झाले, वहिनी खरादाची दोरी ओढून राह्यली. तिच्या खांद्याले काय झालं ते पाह्यलं काय तुमी?" माझ्याच ओसरीत उभं राहून मलाच. अरे, आपल्या आईनंही ओढली. एकानं दोरी ओढायची, दुसऱ्यानं पटाशी धरायची, तेव्हा लाकूड गोल होतं. तुझ्या वहिनीला, सोजरला, मी काही नवं काम लावलं नव्हतं. तू न जेवता निघून गेलास आणि आठ दिवसांनी ही मोटार आली, सोबत चिठ्ठी, 'वहिनीच्या खांद्यासाठी'. मी जणू तिचा वैरीच.

तीन आठवडे चालली, हे कबूल करतो. सोजर उंबऱ्यावर बसून पाहायची. रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला कळायचं नाही. मग ती तांदूळ निवडायची.

खांडेनवमीला हत्यारांची पूजा यथासांग झाली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर फट्! फ्यूजमध्ये नवी तार घातली, फट्! वीज कंपनीचा माणूस आला, खांबाकडे मान वर करून पाहिलं, "आमची लाइन चांगली हाय," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. पगार घेऊन खांब बघायचे, हीही एक नोकरीच.

मग गुलाम नबीला बोलावलं. तोच तो, बाजारात घड्याळं आणि गॅसबत्त्या दुरुस्त करणारा. स्वतःच्या दुकानातलं घड्याळ त्याला कधी वेळेवर ठेवता आलं नाही. त्यानं मोटारीच्या तारा सोडून तिथे दिव्याचा बल्ब लावला. बल्ब पेटला. "म्हंजे तार चांगली." मग खरादाचा पट्टा काढून मोटार नुसतीच चालवली. फ्यूज उडाला. "म्हंजे खराद जड नाही, खोट मोटारीच्या पोटात हाय. उद्या खोलून पाहू. तवलोक हात लावू नोका. अन् भाऊ, फ्यूजमंदी जाड तार घालू नोका. हे बारीक तार जळते म्हनून मानूस वाचते."

गॅसबत्तीवाला मला शिकवणार! बटण दाबलं की ती तार जळते, म्हणजे तार कच्ची, हे कुणालाही कळेल. पटाशीच्या मुठीला गुंडाळायची तांब्याची जाड तार होती, तीच मी फ्यूजमध्ये घातली. बटण दाबलं. मोटार गुरगुरली आणि फिरायला लागली. दिवे गेले नाहीत. मी जिंकलो होतो, जगदेव. गुलाम नबीवर, कंपनीवर आणि तुझ्यावरही.

इथपर्यंत लिहून पत्र बंद करणार होतो. 'मोटार परत पाठवतो, आम्ही आपली दोरीच लावू' एवढं लिहिलं असतं की संपलं. पण आता दोरी ओढणार कोण?

पहिल्या ओळीत क्षेम लिहिलं, ते खोटं आहे.

मी सोजरला हाक मारली. ती मोरीवर भांडी घासत होती, तशीच ओल्या हातांनी आली. मी म्हटलं, "पाह्य, चालली का नाही? हात लावून पाह्य." तिला लावायचा नव्हता. "राहू द्या ना, मले भेव लागते," म्हणाली. मी हसलो आणि पुन्हा म्हटलं. तिनं उजवा हात ठेवला.

ती भिंतीशी जाऊन पडली. शुद्धीवर लवकर आली, पण हात आला नाही. बोटं मिटत नाहीत. दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, महिना-दोन महिने वाट पाहा, येईल कदाचित. मी तिला भरवतो. बारा वर्षांत तिच्या खांद्याकडे पाहिलं नव्हतं, आता घास देताना दिसतो. दोरीच्या बाजूला उतरलेला आहे. तू खरं बोलला होतास.

अजून सगळं लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी गुलाम नबीनं मोटार खोलली. आत हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या, सगळ्याचा ओला चिखल. त्यानं वर पाहून विचारलं, "भाऊ, मशीनले आंघोळ कोनं घातली?"

खांडेनवमीला मी घातली होती. पटाशी, करवत, वाकस, सगळी हत्यारं धुतली आणि मोटारीवर भरलेला तांब्या ओतला. सोजरनं तेव्हा माझा हात धरला होता. "इच्यावर पानी नका टाकू, भाऊजीनं चिठ्ठीत लिवलं व्हतं, तुमीच तं वाचलं ना?" मी म्हटलं, हत्यार आहे, आंघोळीशिवाय पूजा कशी होईल? एक नाही, दोन तांबे ओतले.

आणि गुलाम नबीला मी सांगितलं, "सोजरनं."

ती दारातच होती, हात फडक्यात बांधलेला. गुलाम नबी बिचारा तिलाच हळू आवाजात समजावून गेला, "भाभी, बिजलीले पानी चालत नाही." तिनं मान हलवली. तेव्हापासून गल्लीतल्या बाया येतात, तिला नावं ठेवून जातात आणि ती ऐकून घेते. मी ओसरीत बसलेला असतो.

मोटार चार दिवस उन्हात वाळवली. आता चांगली चालते, वर फ्यूज उडतो लिहिलं तेही खोटंच. ती परत पाठवत नाही. तुझ्यात काही खोट नव्हती आणि मोटारीतही नव्हती.

दिवाळीला ये. हे पत्र सोबत आण, आणि गुलाम नबीला बोलावून तुझ्या वहिनीसमोर मोठ्यानं वाच. तिला वाचता येत नाही आणि माझ्या तोंडून ते निघत नाही, सांगायला तीन वेळा उठलो आणि परत बसलो. वाचताना एकही ओळ गाळू नकोस, मी मध्येच थांब म्हटलं तरी.

मोटारीवर पाणी ओतणारा,
तुझा दादा
उकंडराव