नव्या मुलींना सांगायची गोष्ट

कावासाकी, ३ एप्रिल
सकाळचे सहा

प्रिय चिझुरु,

चार वर्षांनी पत्र लिहितेय आणि सुरुवातीला हवापाण्याची चौकशीही करत नाही. तुझ्या आईच्या हाती पडलं तर म्हणेल, काय उद्धट बाई आहे. म्हणू दे. तीन तासांनी मला तालमीत बारा नव्या मुलींसमोर बसून तुझी गोष्ट सांगायची आहे. ती खोटी आहे, हे फक्त तुला आणि मला माहीत आहे.

तुला कुणी कळवलं नसेल, पण तू गेल्यापासून दर एप्रिलला मियाजिमा सर कंपनीच्या ज्युदो संघात आलेल्या मुलींना पहिल्याच दिवशी ती गोष्ट सांगतात. मुली गुडघ्यांवर बसलेल्या, पाय बधिर झालेले, आणि सर सुरू करतात, "इथे एक पोरगी होती. समोरचीने हार मानत मॅटवर दोनदा हात आपटला, तरी हिने डाव सोडला नाही. समोरचीचं कोपर गेलं. ती पोरगी आज कुठे आहे, विचारा." मग स्वतःच उत्तर देतात, "अकितात, आपल्या गावी. लोणच्यासाठी मुळे धुतेय." नाव घेत नाहीत, पण संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना कळलेलं असतं. मी दरवर्षी मागे भिंतीशी बसून ऐकत आले. यंदा मी खेळणं थांबवलं, मुलींची प्रशिक्षक झाले, तेव्हा सर म्हणाले, "कोपर तुझं होतं. आता गोष्टही तूच सांगत जा."

तो फेब्रुवारी मला रोज आठवतो. मॅट इतकी गार की पाय ठेववत नव्हता. भिंतीशी निवड समितीचे तिघे कोट घालून खुर्च्यांवर बसले होते. बावन्न किलो वजनगटात जागतिक स्पर्धेला कोण जाणार ते त्याच आठवड्यात ठरणार होतं, आणि मी ठरल्यातच जमा होते. सहा वर्षं तू माझी सरावाची जोडीदार. म्हणजे मी तुला दिवसाला दोनशे वेळा आपटायचं आणि तू उठून, पट्टा आवळून "पुन्हा, ताई" म्हणायचं. त्या दिवशी जमिनीवर माझा उजवा हात तुझ्या मांड्यांत अडकला आणि तू मागे झुकलीस. डाव स्वच्छ बसला होता. सुटका नाही हे मला कळलं होतं. दोनदा हात आपटायचा, तू सोडणार, दोघींनी उठायचं, इतकं सोपं होतं. पण ते तिघे बघत होते. रोज जिला आपटते त्या पोरीपुढे मी हार मानू? मी दात आवळले. तू दोनदा पुटपुटलीस, "ताई, ताई." पकड ढिली करायला लागली होतीस, तेवढ्यात मीच हिसका देऊन उलट्या बाजूला वळले. मग तो आवाज आला.

सर पलीकडून धावत आले आणि तुझ्यावर ओरडले, "तिने हात आपटला ना? डोळे फुटले होते?" आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तोंडाने हो म्हणण्याइतकीही हिंमत नव्हती, नुसती मान हलवली. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मग मॅटला कपाळ टेकून म्हणालीस, "माझंच चुकलं. मला कळलं नाही." धाकटीने मोठीला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं. तू ते पाळलंस आणि आठवड्याभरात तुझी खोली रिकामी झाली.

पुढचं तू टीव्हीवर पाहिलं असशील. शस्त्रक्रिया, आठ महिने, आणि पुढच्या वर्षी सुवर्णपदक. दर नववर्षाला तुझं कार्ड येतं, "ताई, कोपर जपा." चिझुरु, एकदा तरी त्यावर शिवी लिहायची होतीस. मला बरं वाटलं असतं.

साडेसात वाजले. भाताचा गोळा अर्धाच खाल्ला गेला. सरांचा फोन आला होता, महासंघाचे सचिवही येणार आहेत, गोष्ट आटोपशीर सांग म्हणाले. खरं बोलले तर ही नोकरी गेली आणि पदकावरही लोक थुंकतील. न बोलले तर तू आयुष्यभर मुळे धुणारी पोरगी राहशील. निघते.

दुपारचे दोन

सांगितलं. अगदी सरळ सांगितलं, की त्या मुलीने डाव सोडला नाही कारण मी हात आपटलाच नाही, आणि नंतर मी खोटं बोलले. पहिल्या रांगेतली एक मुलगी रडायला लागली. मला वाटलं, तुझ्यासाठी रडतेय. तेवढ्यात सर उठले. आवाज भरून आलेला. म्हणाले, "बघा पोरींनो. धाकटीची चूक चार वर्षांनीही स्वतःच्या अंगावर घेतेय. मोठं माणूस असं असतं." सचिवांनी टाळ्या वाजवल्या. बाराच्या बारा मुली माझ्यापुढे वाकल्या. मी म्हटलं, नाही हो, खरंच आपटला नव्हता. सर खांदा थोपटत म्हणाले, "पुरे. कळलं आम्हाला." जितकं सांगावं तितकी मी मोठ्या मनाची ठरत गेले. आयुष्यात इतका संताप आला नव्हता मला.

शेवटी सचिवांना जिन्यात गाठलं. म्हटलं, माझ्यावर विश्वास नसेल तर तिला विचारा. ते हसले, पण तुझा नंबर लिहून घेतला. परवा सकाळी दहाला फोन करणार आहेत. आणि तू काय करशील ते मला पक्कं माहीत आहे. फोन कानाला लावल्याबरोबर स्वयंपाकघरात एकटीच असलीस तरी कमरेत वाकशील आणि म्हणशील, "चूक माझीच होती, ताई उगाच स्वतःवर घेतात." तसं म्हणालीस की माझं खोटं कायमचं खरं होईल. फोनवर तू मला हे बोलूच देणार नाहीस, म्हणून हे पत्र लगेच तातडीच्या टपालाने टाकतेय. माफी पत्रातून मागत नाही, तू येऊ दिलंस तर ती मागायला मी स्वतः येईन. आत्ता एकच मागणं आहे. परवा माझी लाज राखू नकोस. विचारलं की सांग, ताईने हात आपटला नव्हता, ताई खोटं बोलली.

तुझीच, आणि तुझ्या एका शब्दावर अडून बसलेली,
सानाए