खोक्यांखालच्या कुंड्या

थोरल्या,

उठल्यावर अंगणात खोकीच खोकी दिसतील. चोर आले नव्हते. माझं सामान तू ज्यात भरलं होतंस, ती खोकी मी रिकामी करून कुंड्यांवर पालथी घातली आहेत. अजून दोन पहाटे दंव गोठणार आहे. पपईला तुझी नवी रजई गुंडाळली आहे. तोंड वाकडं करू नकोस.

सामानाच्या गाडीवाल्याला येऊ नको म्हणून कळवलंय. त्याच्यावर डाफरू नकोस, तो बिचारा माझं ऐकतो तरी.

मी नर्सरीतून पेंढा आणायला जातेय. ऊन चढलं की खोकी काढ, नाहीतर झाडं आत उकडतील. दिवस मावळायच्या आत परत घाल. पाणी मुळांशी घाल, पानांवर नको.

आणि कात्रीला हात लावायचा नाही! लिंबाची पानं काळी पडलीत हे मलाही दिसतं. मला मोतीबिंदू आहे, आंधळी नाही झाले. गेल्या थंडीत जास्वंद मेली म्हणून तू बुडापासून छाटलीस, ती पुन्हा फुटलीच नाही. आधी नखाने साल खरवडून बघायची. आत हिरवं असतं.

तुझे बाबा गेल्यापासून तू तीनदा आलास आणि तिन्ही वेळा म्हणालास, "आता इथे काय उरलंय?" एकदाही खरवडून बघितलं नाहीस.

थंडी सरली की खोकी घेऊन जा. रिकामीच.

आई