पोपटांच्या घड्याळाबाबत दाजींना विनंती

घाटनांदूर

तीर्थस्वरूप शहादेव दाजींना रामप्रसादचा वाकून नमस्कार.

आक्काची कंबर, तुमची साखर आणि दारातली म्हैस यांची खुशाली कळवावी (म्हशीची आधी कळवलीत तरी चालेल, दुधाचा प्रश्न आहे). फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. पण तुमचा फोन आक्का उचलते आणि स्पीकरवर टाकते. हा मजकूर स्पीकरवर टाकण्याजोगा नाही.

माझा छंद तुम्हाला ठाऊक आहे. आत दिवा लागणारा प्लॅस्टिकचा ताजमहाल, खताच्या दुकानांची लक्ष्मीची कॅलेंडरं, काड्यापेट्यांवरची चित्रं, फिल्मी कॅसेटींची कव्हरं, पडलेल्या उमेदवारांचे बिल्ले (निवडून आलेल्यांचे कुणीही जपतं). लग्न झाल्यापासून मंगल याला भंगार म्हणते आणि तुम्ही तिच्या बाजूनं हसता. पण दाजी, तो गुलाबी ताजमहाल कुणीतरी कधीकाळी दुकानात उभं राहून, बाकीचे सगळे नाकारून, हौसेनं निवडला होता. ती हौस मला टाकवत नाही. चांगल्या वस्तूंना म्युझियमं आहेत, या बिचाऱ्यांना मी आहे.

तर गेल्या सोमवारी आमच्या तेजश्रीला बघायला अंबाजोगाईचे पाहुणे आले. मुलगा सोमनाथ, औषधाच्या दुकानात बसतो (दुकान स्वतःचं). सोबत त्याचे आजोबा सुंदरराव, एके काळचे पुढारी. स्थळ हातचं गेलं तर माझ्यासकट सगळं भंगारात घालण्याचा दम मंगलनं भरल्यामुळे मी सगळा संग्रह मागच्या खोलीत नेऊन वर गोधड्या टाकल्या. पोपटांच्या जोडीचं घड्याळ तेवढं भिंतीवर राहिलं, कारण ते काढलं की भिंतीचा पोपडाही सोबत येत होता. सुंदरराव पोहे खाता खाता उठले, चष्मा पुसला आणि काचेवरची अक्षरं मोठ्यानं वाचली, “चि. शहादेव व चि. सौ. कां. भिवरा यांना सप्रेम भेट.” खाली त्यांचंच नाव! “ह्ये तर आमी भिवराच्या लग्नात दिलतं. हितं कावून?”

ते घड्याळ मला तुमच्याच चौसाळ्यात भंगाराच्या दुकानात सापडलं, हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो, आक्का आली की त्यावर लक्ष्मीचं कॅलेंडर टांगायचो. (मांजरानं पाडून फोडलं, असं तुम्ही आक्काला सांगितलंत. तुमच्याकडे मांजर होतं कधी?) मी म्हणालो, “दाजींचा लई जीव हाय त्याच्यावर. दुरुस्तीला आणलंय.” म्हातारा मटकन खाली बसला. म्हणाला, “जीप भरभरून घड्याळं वाटली लग्नांत. कुणाच्या भिंतीवर एक दिसलं न्हाई. वाटायचं, मतं मागायला आलतो म्हणून लोकांनी फेकून दिली.” त्यांचे डोळे भरले. खरं सांगतो, माझेही भरले. जाताना म्हणाले, पोरगी पसंत आहे. पण दिवाळीनंतर चौसाळ्याला जाऊन ते घड्याळ तुमच्या भिंतीवर बघणार आणि मगच सुपारी फोडणार.

तेव्हा दाजी, तेजश्रीचं लग्न आता तुमच्या एका खिळ्यावर अडलं आहे. लवकर येऊन घड्याळ घेऊन जा. आक्काला नमस्कार सांगा, येण्याचं कारण मात्र सांगू नका. मांजराचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमचा मेहुणा,
रामप्रसाद

ता. क. खिळा बैठकीतच ठोका. आणि घड्याळात सेल घालू नका, काटे उलटे फिरतात.

पुन्हा ता. क. घड्याळ उसनं आहे. साखरपुडा झाला की परत. काच पुसताना अक्षरं जपा.

शहादेव मामा, मी तेजश्री. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. सोमनाथचं आणि माझं फोनवर आधीच ठरलं होतं, आजोबांचा होकारही त्यानं इथे यायच्या आधीच घेतला होता. घड्याळ नसतं तरी सुपारी फुटलीच असती. तरी खिळा ठोका, आजोबांना ते एकदा भिंतीवर बघायचं आहे. आणि बाबांना यातलं काही बोलू नका. आपलं भंगार लेकीच्या कामी आलं, या खुशीत ते सोमवारपासून गाणं गुणगुणत हिंडताहेत.