जवळच्या तबकड्या

बाई, आज मी एका पोरीला रडवलं. आता मी आपल्या सोलापुरातच शिकवते आणि ती माझ्याकडे पीएचडी करते, माढ्याची आहे. एकमेकांवर आदळलेल्या दोन दीर्घिकासमूहांवर तिचं काम चाललंय. शेकडो दीर्घिकांचे असे थवे धडकले की दीर्घिका सहसा एकमेकींना न लागता पार होतात, पण मधल्या तापलेल्या वायूत आघाताची लाट उठते. ती लाट इलेक्ट्रॉनांना असा काही वेग देते की कडेला रेडिओलहरींची कमान उमटते. डोळ्यांना ती दिसत नाही. रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांना दिसते, तीही जेमतेम. तिच्या चित्रात अशी कमान आली होती. मी म्हटलं, ही नुसती खरखर आहे, एकमेकींच्या जवळ उभ्या असलेल्या तबकड्यांची माहिती काढून टाक, विजेच्या तारांतून येणाऱ्या लहरींचा सगळा कचरा त्याच गोळा करतात. तिनं काढली. चित्र लख्ख झालं, कमान गेली. "बघ!" मी सगळ्यांसमोर म्हटलं. ती म्हणाली, "पण मॅडम, पसरलेलं अंधुक काही असलं तर ते जवळच्यांनाच दिसतं की. लांबच्यांना दिसणारच नाही." आणि मी, तुमची विद्यार्थिनी, म्हणाले, "आता तू मला शिकवणार?" डोळे पुसत ती उठली. "मग मी गावाकडंच जाते, मॅडम."

घरी आल्यापासून सातवीचा वर्ग डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही फळ्याशी उभ्या आहात. आपटल्याशिवाय आवाज होत नाही, असं शिकवताय, आणि मी उठून सांगतेय की पोतराजाचा चाबूक कशालाच न लागता हवेत वाजतो. "काय बी बोलू नकोस," म्हणत तुम्ही मला तास संपेपर्यंत उभं केलंत. मग घरी जाताना गल्लीतल्या पोतराजाला थांबवून चाबूक पुन्हा पुन्हा वाजवायला लावलात, आणि मग कुठं पुस्तकं उघडलीत. चाबकाचं टोक आवाजाच्याही पुढं पळतं, म्हणून हवेतच आघाताची लाट उठते, हे दुसऱ्या दिवशी तुम्हीच आम्हाला सांगितलंत. भरल्या वर्गात म्हणालात, "चुकलं की गं माझं. हिचं खरं हाय." वर संध्याकाळी घरी बोलावून, स्वयंपाकघरात पाटावर बसवून, गरम भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलंत. "राग गेला का?" असंही विचारलंत. मला राग आलाच नव्हता. चूक कबूल करणं मोठ्या माणसांना जमतंच, असं मी धरून चालले होते.

बाई, पोरीचं बरोबर आहे. विजेच्या तारांचा कचरा तेवढा वेचून काढून, जवळच्या तबकड्या ठेवून, मी स्वतः चित्र पुन्हा केलं. कमान आहे. समोरच्या कडेलाही एक आहे, तिला न दिसलेली. उद्या बैठकीत सगळ्यांसमोर हे सांगायला हवं. नुसतं "पुन्हा करून बघ" म्हणून वेळ मारून नेण्याचीही सोय आहे. खुर्ची मोठी झाली की अशा सोयी फार! तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे कुठल्या पत्त्यावर टाकू? मघाशी तिला फोन लावला. तिनं उचलला नाही, आणि खरं सांगू, मला बरं वाटलं.