कुजबुजलेलं गाऱ्हाणं

ती. आईस,

खारेपाटणहून शर्मिष्ठेचा वाकून नमस्कार, गुडघा परवानगी देतो तितकाच.

आधी तक्रार. ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांचं आमचं मंडळ आमच्याच घरी भरतं. मुलांना आवाज सोसत नाही, म्हणून माझा मिक्सर बंद. अध्यक्ष असून मी दर रविवारी पाट्यावर वाटप वाटते. एवढा जुलूम आजीनेही तुझ्यावर केला नसेल.

आता बातमी. यंदा तुझी नात जत्रेला गेली. दरवर्षी गौरजाला घेऊन आम्ही खिडक्या लावून बसायचो. या वेळी सगळे पालक मिळून देवळात गेलो आणि म्हणालो, पहिला तासभर ढोल, फटाके, माईक बंद ठेवा.

मानकरी गुरुदासकाका उसळले. "गाऱ्हाणा मोठ्यान घातल्याशिवाय देवाक आयकाक कसा येतला?"

मी म्हटलं, "काका, देव बहिरो नाय. तुमच्या माईकान झालो आसात तर म्हायत नाय."

काका हसले, तिथेच फसले.

जत्रेत त्यांनी देवासमोर कुजबुजत गाऱ्हाणं घातलं आणि अख्खा गाव कुजबुजत "व्हय म्हाराजा" म्हणाला. गौरजा हात फडफडवत शेवटपर्यंत उभी राहिली. कुणी वळून पाहिलं नाही.

माझ्यामागे तिचं काय, हा प्रश्न काही सुटला नाही. त्या दिवशी मात्र तो घरी ठेवून गेले होते.

तुझा खोकला कसा आहे? खाडीच्या वाऱ्यात बसू नकोस. शेजाऱ्यांना नमस्कार, ज्यांनी गौरजासाठी अंगारे सुचवले, त्यांना दोनदा.

कुजबुजून काकांचा घसा बसलाय. त्यावरून गावभर केलेली त्यांची टिंगल मी मागे घेणार नाही. सकाळी त्यांच्या ओट्यावर मधाची बाटली ठेवून आले, नाव न सांगता.

तुझी,
शर्मू